हळदीची पाच बोटं

हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगात त्याला गुलाम नबी म्हणून कुणी हाक मारली, तर तो स्वतःच दचकायचा. सगळं गाव त्याला थूमिस्त्री म्हणायचं. नाव ठेवायला गावाला कारण लागत नाही, पण इथं कारण होतं. कुणी बोल्ट तिरपा आवळला, की थू. वंगणाच्या डब्यात कुणी सरकी सांडली, की थू. इंजिनखान्यात कुणी हात न धुता भाकरी सोडली, की हा बाहेर जाऊन थुंकून यायचा आणि आपली भाकरी फडक्यात तशीच बांधून घरी परत न्यायचा. "शिसारी येती मला," हे त्याचं बोलणं. चांगल्या दिवशीही यायची, वाईट दिवशीही यायची.

त्याची बायको कनीज म्हणायची, "अल्लानं तुमाला नाक दिलं का शिक्षा दिली, काय कळंना."

पण एका जागी त्याला शिसारी येत नव्हती. घराच्या मागं गोठा होता आणि गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली. जिनिंगातून आला, अंघोळ केली, की तो त्या खोलीत. एक शेगडा, कानशी, करवती, स्वतः जोडलेला लहानसा लेथ, आणि भिंतीवर घड्याळ. घड्याळ म्हणजे बाजारातून आणलेलं नव्हे. लंबकापासून काट्यांपर्यंत सगळं त्यानं स्वतः घडवलेलं. कशासाठी? कशासाठी नाही. हौस! दिवसभर दुसऱ्याच्या इंजिनाला तेल पाजणाऱ्या माणसाला स्वतःचं असं काही चालतं बघावंसं वाटलं, तर त्यात कुणाचं काय गेलं?

तर ते घड्याळ चालायचं आणि अडायचं. पितळी चाकांचे दाते त्यानं कानशीनं घासून काढले होते. हात कितीही पक्का असला तरी हात तो हातच. एक दाता जाड, एक बारीक, आणि सकाळी लावलेलं घड्याळ दुपारच्या नमाजाच्या आत उभं राहायचं. सारखे दाते पाडायचे तर मिलिंग मशीनच पाहिजे. मोठी नको, टेबलावर मावेल अशी. हातानं मूठ फिरवली की वरचा कटर फिरतो, खाली चाक पुढं सरकतं, आणि शेजारच्या भोकाभोकांच्या तबकडीवर मोजून प्रत्येक दाता बरोबर जागेवर पडतो. मुंबईहून इंजिन बसवायला आलेल्या माणसाजवळ त्यानं अशी मशीन एकदा पाहिली होती, आणि तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात बसली होती.

आता जर्मनची लढाई सुरू झालेली. नवी मशीन येणार कुठून? जुनीच बघायची.

एक तर जिनिंगातच होती. मागच्या भंगारखान्यात, फुटक्या पुल्यांच्या ढिगाखाली. जिनिंगाचा पहारेकरी हिरासिंग, बंजारा तांड्यावरचा माणूस, त्यानंच ती हुडकून काढली. मुनीमही म्हणाला, "घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी व्हईल." फुकट! दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथं खांद्यावर घातली असती.

गुलाम नबी भंगारखान्याच्या दारात गेला आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. मशीनवर कबुतरांच्या विष्ठेचा जाड थर. चाक बसवायच्या टेबलाच्या खाचेत उंदरांनी सरकी नेऊन घर केलेलं, त्यात एक मेलेलं पिल्लू. सगळ्यावर जुनं वंगण, डांबरासारखं काळं.

"शी, शी, शी! हे काय दाखवाया आनलं मला?"

"मिस्त्री, बाया राख लावून करपलेली भांडी घासत्यात. त्या काय हंडा फेकून देत्यात व्हय?" हिरासिंगानं उघड्या हातानं मूठ धरली आणि गरकन फिरवली. "आइका. हाय का आवाज?"

आवाज नव्हता. त्या घाणीच्या आत मशीन लोण्यातून सुरी जावी तशी फिरत होती. गुलाम नबीच्या कानानं ते ऐकलं, बरं का. कान त्याचे पक्के होते. पण नाकापुढं कानाचं काय चालतंय!

"आधी हात धू तू," तो म्हणाला. "ही असली घाण मी घरात नेऊ? माझ्या खोलीत? थू!"

"घाण वरची हाय, मिस्त्री."

"तुलाच लखलाभ!"

आणि तो निघून आला. हिरासिंग हात पुसत त्याच्याकडं बघत राहिला.

दुसरी मशीन होती औंढ्याला, फकीर मिस्त्रीकडं. फकीरची बाजारामागं शेड. उसाचे चरक, मोटेची चाकं, असलं काहीबाही दुरुस्त करायचा. माणूस गोड. इतका गोड, की मुंग्या लागाव्यात. त्याचा निरोप आला, नवमीला या, मशीन बघून जा. गुलाम नबी सायकल दामटत औंढ्याला गेला.

नवमी म्हणजे खांडेनवमी. त्या दिवशी हत्याराची पूजा. हिंदू मिस्त्री हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. गुलाम नबीसारखे लोबान जाळायचे. पण एक रीत सगळ्यांची सारखी. नवमीला हत्यार पुजलं, की ते झोपलं. दसरा सरेपर्यंत त्याला उठवायचं नाही, फिरवायचं नाही, कामाला लावायचं नाही. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली गुलाम नबी शिकला, तो सांगायचा, "हे देवाचं न्हाई रे, धंद्याचं हाय. वरीसभर ते तुझं आइकतं, एक दिस तू त्याचं आइक." ते गुलाम नबीनं जन्मभर पाळलं. ज्यानं पाळलं नाही, त्याच्यावर तो थुंकला.

फकीरच्या शेडमध्ये मशीन पाटावर बसवलेली होती. हिरवागार रंग. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, उभ्या खांबाला झेंडूची जाड माळ, आणि माळेच्या खाली ओल्या हळदीची पाच बोटं ठसठशीत उमटवलेली. लोबानाचा धूर वर चाललेला. कुठं वंगणाचा ठिपका नाही, कुठं धुळीचा कण नाही. गुलाम नबीनं भंगारखान्यापासून नाकात अडकलेला तो वास पहिल्यांदा बाहेर सोडला.

"आजचा दिवस नसता तर चालवूनच दाखवली असती, नबीभाई," फकीर हात जोडून म्हणाला. "पन तुमाला काय सांगायचं? तुमी रीतवाले मानूस."

"न्हाई न्हाई. झोपलेल्या हत्याराला हात लावायचा न्हाई."

"तेच म्हनतो मी. पन परवा वाशिमचा एक गिऱ्हाईक येऊन राहिला. त्याला जबान देऊ, का तुमाला देऊ, सांगा."

गुलाम नबीनं हळदीच्या त्या बोटांकडं पाहिलं. हत्याराचा एवढा मान राखणारा माणूस फसवील कशाला, असं त्याला वाटलं. अरे बाबा, तुला खिळा वाकडा ठोकलेला चालत नाही, आणि माणूस एवढा सरळ कसा दिसला?

फकीरला पैसे नको होते. सुनेला लेकरू झालेलं, घरात दूध नाही. त्याला दुभती म्हैस पाहिजे होती.

म्हैस कनीजची होती. नाव चांदी. काळ्याकुट्ट अंगावर कपाळाला पांढरा चट्टा. चांदी तान्हं पारडू असतानाच तिची आई मेली, तेव्हा कनीजनं बोट दुधात बुडवून तिला चोखायला शिकवलं होतं. कनीजला लेकरूबाळ नव्हतं. ती हे कधी बोलायची नाही, पण रोज संध्याकाळी चांदीच्या गळ्यातली घंटा चिंचेनं घासून लख्ख करायची.

गुलाम नबीनं घरी येऊन सगळं सांगितलं. कनीज चांदीची धार काढत बसली होती.

"घड्याळ चालंल ना?" तिनं विचारलं.

"चालंल."

"बराबर चालंल?"

"माझ्यावर इश्वास न्हाई का तुझा?"

"तुमच्यावर हाय. म्हनून तर इचारून राहिले." ती उठली, आणि चांदीच्या गळ्यातली घंटा सोडून पदराखाली घेतली. "ही देनार न्हाई. म्हैस न्या."

दसऱ्याच्या दुपारी फकीरची गाडी आली. मशीन पाटासकट, झोपलेलीच उतरली, म्हैस गाडीमागं बांधली गेली. फकीरच्या माणसानं आपट्याची पानं हातात ठेवून "सोनं घ्या" म्हटलं आणि गाडी हलली. चांदी वळणावर एकदा हंबरली. कनीज तेव्हा घरात होती. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाम नबीनं पितळी चाक चढवलं, बिस्मिल्ला म्हणून मूठ धरली आणि फिरवली. मशीन करकरली. त्यानं मनाची समजूत घातली, नवी जागा आहे, बसेल. कटर पितळेला भिडला आणि सगळा खांब हिव भरल्यासारखा थरथरला. टेबल उडालं. कटरचा एक दात तुटून पत्र्यावर टणकन आपटला. तो खाली वाकला. माळ सुकून लोंबत होती. तिच्याखाली, हळदीची पाच बोटं होती तिथंच, हिरव्या रंगाला केसाएवढी रेघ पडलेली. त्यानं नखानं खरवडलं. रंग निघाला. रंगाखालून रंगाऱ्याची लांबी निघाली, भिंतीच्या भेगा बुजवायला भरतात तीच, मऊ, पिवळट. लांबी भसाभसा निघत गेली आणि खांबात आरपार तडा दिसला. कुणीतरी कधीतरी पाडून फोडलेली मशीन! तडकलेलं बीड, त्याला ना सांधा, ना जोड.

त्याला शिसारी आली. कबुतराची विष्ठा पाहून आली नव्हती, एवढी. ती घाण निदान घाण म्हणून समोर होती. ही घाण हळद लावून, माळ घालून, धूर दाखवून बसवलेली, आणि त्यानं तिच्यापुढं मान लववली होती.

तो तसाच औंढ्याला गेला. फकीर पायरीवर बसला होता.

"तडा?" फकीर म्हणाला. "मग तुमी चालवून बघायची, नबीभाई. मी काय हात धरला हुता?"

"नवमी हुती!"

"हुती की. म्हनून तुमी चालवली न्हाई. ते तुमचं तुमी ठरवलं. जबान झाली ती झाली. बसा, चहा घ्या."

चहा आला. दुधाळ, वर सायीचा पापुद्रा. शेडच्या कडेला चांदी उभी होती, शेणानं बरबटलेली, शेपटीचे केस चिकटलेले, गळा मोकळा. तिनं मान उचलून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. गुलाम नबीनं कप ओठाला न लावता खाली ठेवला. फाटकापर्यंत कसाबसा आला आणि तिथं भडाभडा ओकला. मागून फकीर कुणाला तरी म्हणत होता, "नाजूक मानूस हाय बिचारा."

हिंगोलीत आल्या आल्या तो घरी गेला नाही, भंगारखान्याकडं गेला. ढीग नव्हता. जमीन झाडून काढलेली.

"कवाच गेलं सगळं," हिरासिंग म्हणाला. "लढाईला लोखंड पायजे म्हनून गाड्या भरून ठेसनावर नेलं. काहून? आता त्या घानीची काहून याद आली?"

ते वर्ष कसं गेलं, विचारू नका. गुलाम नबी घरात बसून फकीरला शिव्या घालायचा. तोच तोच पाढा. माळ कशी घातली, हळद कशी लावली, बरोबर तड्यावरच कशी लावली. कनीज चुलीपुढं बसून ऐकायची. सकाळी लोटा घेऊन शेजारणीकडं दूध आणायला जायची, आणि ज्या बाईनं शेजारणींना दूध वाटलं होतं, ती आता दारात उभी राहून वाट बघायची. संध्याकाळी घंटा घासायची. म्हैस नाही, तरी घासायची. गुलाम नबी त्या वेळी तोंड फिरवून बसायचा. आता त्याला सगळ्यांत जास्त शिसारी स्वतःची यायची, आणि स्वतःवर थुंकायचं कसं, हे काही त्याला जमत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर बाजारात त्याला उत्तमसिंग भेटला. वाशिमच्या रस्त्यावर, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा शेतकरी, पण याच खुळाचा. खिशातली घड्याळं खोलायची, जोडायची, चाकं घासायची. त्याचीही बोटं कानशीनं कापलेली.

"मिस्त्री, तुमच्याकडं मिलिंग हाय म्हनं. इकनार का?"

मशीन फुटकी आहे, हे गुलाम नबीच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात उत्तमसिंग म्हणाला, "माझ्यापाशी म्हशीची एक वगार हाय. पुढल्या सालाला दुधाला येईल."

आणि मिस्त्रीचं तोंड मिटलं. "येऊन बघ," एवढंच तो म्हणाला. घरी कनीजला त्यानं फक्त एवढं सांगितलं, की मशीनच्या बदल्यात वगार येणार आहे.

उत्तमसिंग आला तो नेमका खांडेनवमीला. शेतीची कामं थांबलेली, त्याला तोच दिवस मोकळा. काळी तुकतुकीत वगार त्यानं दारातल्या खुंटाला बांधली. गुलाम नबी त्याला घेऊन खोलीत शिरला आणि उंबऱ्यावरच थबकला.

मशीन पुसलेली होती. खांबाला झेंडूची माळ होती. माळेखाली ओल्या हळदीची पाच बोटं होती. बारीक बोटं, बाईची.

त्यानं मागं वळून पाहिलं. कनीज अंगणात वगारीजवळ बसली होती. तिनं वगारीला चांदीच्या गळ्यातली घंटा बांधली होती, आणि तिच्या मानेखालून हात फिरवत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. वर्षभर तो शिव्या घालत होता आणि ती धडा शिकत होती!

उत्तमसिंगानं चपला बाहेर काढल्या, मशीनला हात जोडले. "बरं वाटलं बघा, मिस्त्री. हत्याराचा मान राखनारं घर हाय. आसा मानूस फसवत न्हाई. चालवून बघायचं म्हनत न्हाई मी, आज झोपलीय ती. माझी जबान पक्की."

अगदी तोच विचार. तीच जागा, तीच हळद. गुलाम नबीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. एक हूं म्हणायचं होतं. एक हूं, आणि गोठा भरला असता. बाहेर घंटा किणकिणली. कनीज वगारीशी काहीतरी बोलत होती, आणि तिचा तो आवाज त्यानं वर्षभरात ऐकला नव्हता.

तो पुढं झाला. मूठ धरली. आणि गर्रकन फिरवली.

"आवो!" उत्तमसिंग ओरडला. "नवमी हाय! काय करून राहिले?"

मशीन करकरली. गुलाम नबीनं आणखी जोरानं फिरवली. खांब थरथरला, हळदीला भेग पडली, आणि तड्यातून कणकेचा एक गोळा निघून टपकन फरशीवर पडला. एक बाजू हळदीनं पिवळी, एक बाजू पांढरी. घरच्या जात्यावरची कणीक.

मग उत्तमसिंग वाकला, गोळा बोटानं दाबून पाहिला, तड्यात बोट घातलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"कनीक भरून इकाया काढली हुती व्हय?"

दारात कनीज येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि बोटं हळदीनं पिवळी होती. तिनं ती पदरात लपवायच्या आत गुलाम नबी दोघांच्या मधे आला.

"मीच भरली," तो म्हणाला. "हळद बी मीच लावली."

"आन् आजच्या दिशी हत्यार उठवलं! झोपलेलं हत्यार! लाज न्हाई, रीत न्हाई, काय मानूस हाव तुमी?" उत्तमसिंगाला बोलताना धाप लागली. "छी!"

तो बाहेर पडला, उंबऱ्यावर वळला आणि थुंकला. मग चपला घालून वगार सोडली आणि तरातरा निघाला. घंटा वगारीच्या गळ्यातच राहिली. तिचा आवाज वाशिमच्या रस्त्याकडं जात राहिला. गुलाम नबी दोन पावलं टाकून थांबला.

"मागून आनतो घंटा," तो म्हणाला.

"जाऊ द्या," कनीज म्हणाली. "गळ्यातच बरी दिसती ती."

तिनं कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि उंबऱ्याशी वाकली.

"न्हाई, तू नको," गुलाम नबी म्हणाला. दुसऱ्याचे न धुतलेले हात बघून ज्या माणसाला स्वतःची भाकरी गेली नाही, तो उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसला. फडकं घ्यायचंही त्याला सुचलं नाही. उघड्या तळहातानं त्यानं ती थुंकी पुसली. त्याला शिसारी आली नाही.